कारणाचा रकाना

धाकटीने खोली मोजायच्या गेजची पट्टी टायरच्या खाचेत उभी धरली, अंगठ्याने दाबली, आकडा वाचला, पट्टी पुसली आणि चार बोटं पुढे सरकून पुन्हा दाबली. तीन ठिकाणी मोजल्याशिवाय ती कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवत नसे. पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागून तिला अजून वर्ष व्हायचं होतं, पण ही खोड त्याच्या आधीची, घरातली.

"बाहेर तीन मिलिमीटर, मध्ये तीन, आतल्या कडेला दोन पूर्णांक नऊ," ती म्हणाली.

"हे मी गाडी आत येताना आवाजावरून सांगितलं असतं," टायरच्या दुकानाचे मिस्त्री म्हणाले. "बदलायला झालेत."

"मग मला कशाला वाकू दिलंत?"

"तुमच्या घरात कुणाला अडवून उपयोग झालाय का आजवर? वडिलांवर गेली आहेस, पोरी."

बाबा दोन पावलांवर हात पाठीमागे बांधून उभे होते. आयुष्यभर दुकानदारांचे वजनकाटे तपासून त्यांवर शिक्का मारण्याची नोकरी त्यांनी केली होती, आणि निवृत्तीनंतरही उभं राहण्याची ढब तीच होती.

"आता वाच," ते म्हणाले.

हे 'वाच' फार जुनं. पुस्तकाआधी ती टायर वाचायला शिकली होती. बाबा दोघी बहिणींना चाकाशी उकिडवं बसवत आणि रबरावरच्या उठावदार अक्षरांवरून बोट फिरवायला लावत. आधी रुंदी, मग भिंतीची उंची, मग रिम. शेवटचे चार आकडे म्हणजे कुठल्या आठवड्यात, कुठल्या वर्षी टायर तयार झाला ते. टायरलासुद्धा वाढदिवस असतो म्हटल्यावर ताई कंटाळून पळाली होती आणि धाकटीने विचारलं होतं, मग केक कुठे लावायचा? शेवटी एक शब्द ते मुद्दाम दोनदा वाचून घेत: आउटसाइड. या जातीच्या टायरच्या दोन बाजू सारख्या नसतात. बाहेरची कड टणक, वळणावर गाडीला धरून ठेवणारी. आतल्या बाजूला पाणी फेकणाऱ्या खोल खाचा. तो शब्द जगाला दिसलाच पाहिजे. नाही दिसला तर समजायचं, कुणीतरी शर्ट उलटा घालून कचेरीत आलंय.

तिने उजवीकडचे दोन्ही टायर वाचले. दोनशे पंचवीस, चाळीस, अठरा. आउटसाइड. बाबांनी मान डोलावली.

गाडी नऊ वर्षांची होती. आईला ऐसपैस डिकीची पाच दारांची गाडी हवी होती आणि बाबांना पळणारी. दोघांचं जिच्यावर जमलं ती ही. बाहेरून संसारी, पण रस्त्याला खेटून बसणारी, आणि पाय जरा जास्त पडला की घशातून गुरगुरणारी. लग्नाच्या कोटात शर्यत पळायला निघालेला मामा, असं आई तिला म्हणत असे.

धाकटीने खिशातून घडी केलेला कागद काढला. "मी तक्ता केलाय. चार टायर, पाच कसोट्या. हा पहिला बघा. ओल्या रस्त्यावर थांबायला आपल्या आत्ताच्या टायरपेक्षा साडेतीन मीटर कमी घेतो."

"आणि वळणावर?"

"वळणावर थोडा मऊ आहे."

"थोडा मऊ म्हणजे चप्पल," बाबा म्हणाले. "या गाडीला धावायचे बूट लागतात."

"बाबा, ही गाडी चिमणीला शाळेतून आणते आणि बाजारातून भाजी आणते."

"बूट घालून आणते."

मिस्त्री हसले. ताईच्या मुलीला, चिमणीला, रोज साडेतीनला शाळेतून आणायचं काम बाबांचं होतं. ते त्यांनी मागून घेतलेलं. धाकटी पुढचा मुद्दा काढणार होती, इतक्यात बाबांनी गाडीचा कप्पा उघडला, आतली निळ्या पुठ्ठ्याची वही काढली आणि तिच्या हातात ठेवली.

"तूच बघ आज सगळं. मी आत बसतो. काही अडलं तर यात आहे."

तिने वर पाहिलं. चाकं काढायची असताना बाबा आत जाऊन बसलेत, हे तिने आजवर पाहिलं नव्हतं. साहेब, तुम्ही नट डोळ्यांनीच आवळता, असं मिस्त्री दर वेळी म्हणत. काचेचं दार ढकलून बाबा आत गेले तेव्हा त्यांचा डावा खांदा चौकटीला लागला.

"बरं नाही का त्यांना?" मिस्त्रींनी विचारलं.

"गुडघे," ती म्हणाली. घरात सगळ्याचं उत्तर सध्या हेच होतं.

आत चार खुर्च्या, एक स्टूल आणि कागदी पेल्यात चहा देणारं यंत्र होतं. तिने एक पेला भरून बाबांच्या डाव्या हाताशी स्टुलावर ठेवला. ते समोरच्या मांडणीतल्या टायरांकडे बघत होते. "चहा ठेवलाय," ती म्हणाली. त्यांनी हुंकार दिला, पण हात पुढे केला नाही. तक्त्याचा राग आलेला दिसतोय, असं मनाशी म्हणत ती बाहेर आली. तसे ते सकाळपासूनच वेगळे वागत होते. येताना गाडी मधल्या रेषेला इतकी चिकटून चालवत होते, की समोरून आलेल्या टेम्पोने हॉर्न दाबून धरला होता. डावीकडे खड्डे असतात, एवढंच ते म्हणाले होते.

ती गाडीच्या डाव्या बाजूला गेली, मागच्या चाकाशी बसली आणि सवयीने अक्षरांवर बोट ठेवलं. दोनशे पंचवीस. चाळीस. अठरा. पुढच्या शब्दाशी बोट थांबलं. तिने तो शब्द पुन्हा वाचला. मग पुढच्या चाकाशी जाऊन तिथलाही वाचला.

इनसाइड. दोन्हींवर.

"मिस्त्री, हे दोन तुम्ही उलटे बसवलेत."

"काय केलं मी?" मिस्त्रींनी हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. "तीस वर्षांत हे ऐकायचं राहिलं होतं. तुझे बाबा शेजारी उभे असताना मी टायर उलटा घालीन? मला काय घरी जायचं नव्हतं?"

"बघा तरी."

ते बसले. बघितलं. त्यांचा आवाज खाली आला. "हे माझ्या हातचं नाही. तोल साधायची ही वजनं बघ, बाहेरच्या कडेला ठोकलीयत. मी कधी अशी लावत नाही." त्यांनी रिमच्या काठावर नख घासलं. काळा रंग पापुद्र्यासारखा निघाला आणि खाली पांढरट पुट्टी दिसली. "आणि हे भरून घेतलंय."

रिम काळे करून घेतले त्याला पाच महिने झाले होते. बाबा गाडी घेऊन सकाळी गेले आणि दुपारी चारही रिम काळे करून आले, तेव्हा घरात सगळे खूप हसले होते. लोक म्हातारपणी मिशांना कलप लावतात, यांनी चाकांना लावला, असं आई म्हणाली होती. बाबाही हसले होते.

गाडी लिफ्टवर चढली. मिस्त्रींनी पुढचं डावं चाक उतरवून आतली बाजू उजेडाकडे फिरवली.

रबराच्या भिंतीवर चंद्रकोरींसारखे ओरखडे होते, एकावर एक, काही उथळ, काही बोट बसेल इतके खोल. धाकटी मोजायला लागली आणि चौदाव्याला थांबली. 'आउटसाइड'मधली तीन अक्षरं घासून गेली होती.

"गाडी लावताना फूटपाथची कड लागते, सगळ्यांचीच लागते," मिस्त्री म्हणाले. "पण लावताना लागली तर एवढीशी लागते. हे लांब आहेत. चालत्या गाडीचे."

त्यांनी मागचं चाक काढलं आणि तळहात भिंतीवरून फिरवत नेला, आजारी जनावराच्या पोटावरून फिरवावा तसा. एका जागी हात थांबला.

"इथे हात लाव."

तिथे अर्ध्या लिंबाएवढा फुगवटा होता. दाबला तर आत जाई आणि सावकाश परत वर येई.

"आतले दोरे तुटलेत. जोरात कुठेतरी आपटलाय. फुगा तेव्हा नसेल दिसला, नंतर वर आला असेल, आणि तोवर ही बाजू आत गेली. आता हवा नुसत्या रबरावर थांबलीय."

"किती दिवस थांबली असती?"

"ते मी सांगू शकत नाही, पोरी. आज इथवर आली, एवढं खरं."

धाकटीने मान वर केली. चाकाच्या बरोबर वर मागची डावी खिडकी होती. खिडकीत चिमणीच्या खुर्चीचा पट्टा लोंबत होता आणि पट्ट्यात अडकवलेला तिचा कापडी ससा.

तेवढ्यात फोन वाजला. ताई.

"झालं का टायरांचं? बाबांना सांग, आज चिमणीकडे चित्रकलेची वही देणारेत, ती वर्गात राहायला नको. आणि उन्हात फार थांबू नका म्हणावं, पाच मिनिटं आधी पोचलं तरी चालेल. ऐकतेयस ना?"

"ऐकतेय."

"आवाज असा का येतोय?"

"दुकानात आहे. करते मी परत फोन."

तिने फोन ठेवला आणि वही उघडली. बाबांची वही घरात सगळ्यांना ठाऊक होती आणि वाचत कुणीच नव्हतं. दर महिन्याला एक पान. पानावर पट्टीने स्वतः आखलेले चार रकाने: तारीख, किलोमीटर, काय केलं, कारण. दर रविवारी चारही चाकांची हवा. कारणाच्या रकान्यात एकेक शब्द असे. खिळा. झीज. लांबचा प्रवास. एका ठिकाणी, धाकटीने सांगितलं म्हणून. तिथे तिला हसू आलं असतं, एरवी.

पाच महिन्यांपूर्वीचं पान तिने काढलं. नोंद होती. त्याच सरळ, ठसठशीत अक्षरात: डावे दोन रिमवर उलटे बसवले, दुसऱ्या दुकानात. पुढचा कारणाचा रकाना मोकळा होता. नऊ वर्षांत तो एकच मोकळा.

ओरखडे आत लपवले, पण खोटं लिहिता आलं नव्हतं त्यांना. लिहिलंच नसतं तर कुणाला कळणार होतं?

ती पानं पुढे उलटत गेली, मग मागे, मग पुन्हा पुढे. अक्षरात फरक नव्हता, आकड्यांत नव्हता. तरी काहीतरी हलत होतं. चार-पाच पानं झरझर सोडल्यावर ते दिसलं: पहिली उभी रेघ. वर्षभरापूर्वी ती कागदाच्या डाव्या कडेपासून नखभर अंतरावर होती. मग दोन बोटं. मग तीन. या महिन्याच्या पानावर चारही रकाने कागदाच्या उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने बसले होते आणि डावीकडचा कागद कोरा होता, जणू तो तिथे नाहीच.

रेघ पहिल्यांदा सरकली तो महिना तिने पाहिला. आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी बाबा बाथरूममध्ये भिंत धरून खाली बसले होते. डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला, गोळ्या दिल्या; दोन दिवसांत ते हिंडू-फिरू लागले आणि सगळे विसरले.

गेज तिच्या हातातच होतं. तिने समास मोजायला ते कागदावर टेकवलं आणि उचललं. मोजून काय करायचं होतं?

काचेचं दार तिने आवाज न करता उघडलं. बाबा तसेच बसले होते, समोर बघत. चहा होता तिथेच, वर साय धरलेला. ती त्यांच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर उभी राहिली. बोलली नाही. त्यांच्या श्वासाबरोबर सदऱ्याचा खिसा वरखाली होत होता. तिने मनात दहा आकडे मोजले, मग वीस. त्यांनी मान वळवली नाही. चोरून कुणाच्या खोलीत शिरावं तसं तिला वाटलं, आणि ती मागून फिरून उजवीकडच्या खुर्चीवर येऊन बसली.

"आलीस?" बाबा लगेच म्हणाले. मग थोडं थांबून, "झालं वाचून?"

आपल्याला आज इथे कशासाठी आणलं, ते तिला या प्रश्नावर कळलं. वही तिने मांडीवर सरळ केली.

"हो."

"सगळं?"

"एक रकाना मोकळा आहे."

"हं." त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला. "शब्द सुचेना. दर रविवारी बसत होतो तो पुढ्यात घेऊन."

"बाबा, मागच्या टायरला फुगा आलाय. डाव्या."

"कुठे? मी परवाच हवा बघितली. चारही बाजूंनी फिरून बघितली."

"आतल्या बाजूला. जी आधी बाहेर होती, तिला."

बाबा खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठले आणि बाहेर गेले. मिस्त्रींनी चाक जमिनीवर आडवं ठेवलं होतं. बाबा गुडघे धरत खाली बसले. तिने दाखवण्याआधीच त्यांचा अंगठा फुगवट्यावर गेला, दाबला, सोडला. पुन्हा दाबला. मग त्यांनी वर पाहिलं, मान बरीच वळवून, खिडकीतल्या सशाकडे. मिस्त्री पाठ करून डब्यातले नट निवडत बसले. निवडायला त्यात काही नव्हतं.

"रोज," बाबा म्हणाले. "रोज तिला याच्यावर बसवून आणत होतो."

धाकटीला त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. ती शेजारी उकिडवी बसली, लहानपणी बसायची तशी, फक्त या वेळी उजवीकडे.

फुगवट्यावरचा अंगठा काढून ते म्हणाले, "मिस्त्री, हिच्या तक्त्यात पहिला आहे तो घाला. चारही."

"साहेब, तो जरा मऊ..."

"ऐकलंय मी. लवकर थांबतो ना? तोच घाला."

नवे टायर चढेपर्यंत दोघं लिफ्टजवळच उभे राहिले. बाबा नजर न हलवता प्रत्येक नट बघत होते. तिसऱ्या चाकाला मिस्त्री म्हणाले, "आता कसं कामाला लागल्यासारखं वाटतंय," आणि बाबांच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. प्रत्येक चाक बसलं की धाकटी वाकून मोठ्याने वाचत होती. आउटसाइड. आउटसाइड.

"वहीत लिही," बाबा म्हणाले.

"मी?"

"तूच. पान आख नवीन."

मिस्त्रींच्या टेबलावरची पट्टी घेऊन तिने रेघा मारल्या. तारीख लिहिली. किलोमीटर लिहिले. चार टायर बदलले, असं लिहिलं. शेवटच्या रकान्यावर पेन टेकवून तिने वर पाहिलं.

"कारण? झीज लिहू?"

"झीज उजव्यांना." मग ते एकेक शब्द सुटा सुटा बोलले, लिहून घेणाऱ्याला वेळ मिळावा तसे. "डावीकडचं दिसत नाही, असं लिही. आणि मागे जो रकाना मोकळा आहे, त्यातही तेच लिही."

तिने लिहिलं. दोन्ही ठिकाणी. शब्द रकान्यात मावत नव्हते, म्हणून बारीक अक्षरात लिहिले. बाबांनी पान डोळ्यांजवळ धरून वाचलं आणि वही मिटली.

"डॉक्टरांकडे उद्या जाऊ," ती म्हणाली. "डोळ्यांच्या आणि मेंदूच्याही."

"जाऊ."

गाडी खाली उतरली. नव्या टायरवर साच्यातलं तेलकट आवरण असतं, ते झिजेपर्यंत गाडी अलगद चालवावी लागते. त्यांच्या घरात पहिले दहा किलोमीटर बाबांचे असत. रेडिओ बंद, काचा खाली, कुणी बोलायचं नाही. या दहा किलोमीटरांसाठी त्यांनी एकदा ताईला परीक्षेला उशीर केला होता. मिस्त्रींनी सवयीने किल्ली त्यांच्यापुढे धरली.

बाबांनी ती घेतली. धाकटी जागची हलली नाही. गाडी मी चालवते, असं म्हणायची वेळ आपल्यावर येऊ नये, असं तिला वाटत होतं.

त्यांनी किल्ली मुठीत तोलली, एखादं माप तोलून बघावं तशी, आणि गाडीच्या टपावर ठेवली. मग बोनेटवरून हात फिरवत, कडेकडेने चाचपत, ते पलीकडे गेले आणि डावं दार उघडून आत बसले.

ती स्टिअरिंगमागे बसली. आरसा जुळवायला तिला एरवी इतका वेळ लागत नसे. शेजारी बाबांचा हात खांद्यामागे पट्टा शोधत होता, एकदा हुकला, दुसऱ्यांदा हुकला, आणि मग खट्ट आवाज आला.

"फोन दे तुझा," ते म्हणाले. "ताईला मी सांगतो."

ते फोनवर फार बोलले नाहीत. "आजपासून चिमणीला आणायला मी एकटा जाणार नाही," एवढं सांगून पलीकडचं खूप वेळ ऐकत राहिले. "हो," म्हणाले. "हो गं. घरी आल्यावर."

साडेतीनला वीस मिनिटं होती. दुकानाच्या फाटकाशी धाकटीने गाडी पुढे काढली आणि लगेच थांबवली.

"काय झालं?"

"सायकल होती. गेली."

बाबांनी मान वळवली. नुसती मान पुरेना, तेव्हा खांदा वळवला, कंबरेतून सगळे डावीकडे फिरले, आणि रस्त्याच्या कडेने लांब जाणारी ती सायकल त्यांना दिसेपर्यंत तसेच थांबले.

"निळी आहे," ते म्हणाले.

"हो."

"चल. हळू घे, नवे आहेत."